मुलांच्या वॉर्डातील सिस्टरांचा स्मृतिलेख कसा लिहावा

सारी नोकरी मुलांच्या वॉर्डात केलेल्या आणि त्याच्या जोडीने वसाहतीचे, गावाचे, महिला मंडळाचे किंवा परिचारिकांच्या संघटनेचे पुढारपण केलेल्या बाईंचे निधन होते, तेव्हा दोन मजकूर लिहावे लागतात. पहिला वर्तमानपत्रातील निधनवार्तेचा असतो आणि तो त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत द्यावा लागतो. दुसरा स्मृतिलेखाचा असतो, जो श्रद्धांजली सभेत वाचला जातो, स्मरणिकेत छापला जातो किंवा संस्थेच्या वार्षिक अहवालात जातो. पुढील सूचना मुख्यतः या दुसऱ्या मजकुरासाठी आहेत.

अशा लेखांत एक दोष हमखास आढळतो. त्यांत बाईंचे मन भरभरून येते, परंतु त्यांचे काम कोठेच दिसत नाही. सेवाभावी, मनमिळाऊ, मायाळू, हसतमुख ही विशेषणे शेजारच्या कोणत्याही भल्या बाईंना लावता येतात. बालरोग परिचारिकेने तीस-पस्तीस वर्षे जे केले ते निव्वळ मायेने होणारे नव्हते. त्यासाठी शिक्षण, हिशेब, हाताचे कसब आणि जागरण लागत होते. म्हणून बाईंना काय येत होते आणि त्यांनी काय उभे केले, हे आधी ठरवावे; त्या कशा होत्या हे वाचकाला त्यातूनच कळते.

निधनवार्तेविषयी थोडेच सांगण्यासारखे आहे. तिचा साचा ठरलेला आहे आणि तो मोडण्याची गरज नाही. मात्र त्यात एक खोड आहे. 'त्यांच्या पश्चात मुलगा, सून, नातवंडे असा परिवार आहे' या वाक्यानंतर 'अमुक कंपनीचे व्यवस्थापक श्री. तमुक यांच्या त्या मातोश्री होत' असे लिहिले जाते, आणि चार ओळींच्या वार्तेत स्वतः बाई काय होत्या हे सांगायला जागाच उरत नाही. त्यांचे पद, रुग्णालय आणि सार्वजनिक काम नावाच्या लगेच पुढे घालावे. मुलाचा हुद्दा राहून गेला तरी चालेल.

कागद आधी, आठवणी नंतर

घरातील माणसे दुःखात असताना कागदपत्रे मागणे अवघड वाटते, तरीही हे काम पहिल्या आठवड्यातच करावे, कारण घर आवरण्याच्या घाईत सर्वांत आधी रद्दीत जातात ते असलेच कागद. सरकारी किंवा महापालिकेच्या सेवेतील परिचारिकेचे सेवापुस्तक असते. त्यात नेमणूक, बदली, पदोन्नती आणि रजा यांच्या नोंदी तारखांसह असतात. त्याची प्रत घरी नसली तरी निवृत्तिवेतनाच्या कागदांतून बराच तपशील मिळतो. पदांची नावे नीट लिहावीत: अधिपरिचारिका, परिसेविका, सहायक अधिसेविका आणि अधिसेविका या वेगवेगळ्या पायऱ्या आहेत. लोक ज्यांना 'मेट्रन', म्हणजे अधिसेविका, म्हणत त्या प्रत्यक्षात वॉर्डाच्या इन्चार्ज सिस्टर, म्हणजे परिसेविका असण्याची शक्यता असते. पद वाढवून लिहिल्याने मान वाढत नाही, आणि सभेला आलेल्या जुन्या सहकारी बायका ती चूक ऐकताक्षणीच ओळखतात.

नावाचा गुंता येथे विशेष सांभाळावा लागतो. ज्या मुलींनी लग्नाआधी परिचर्येचे शिक्षण पूर्ण केले, त्यांचे प्रशस्तिपत्र आणि परिचर्या परिषदेकडील नोंदणी माहेरच्या नावाने असते. लग्नात पहिले नावही बदलण्याची चाल ज्या घरांत होती, तेथे प्रशिक्षणाच्या वेळचे नाव आणि वॉर्डातील नाव यांत एक अक्षरही सारखे नसते. वर्गातील मैत्रिणी त्यांना एका नावाने ओळखतात, वॉर्ड दुसऱ्या नावाने आणि वसाहत नुसते 'अक्का' किंवा 'सिस्टरबाई' म्हणून. लेखाच्या सुरुवातीलाच ही सर्व नावे एकदा द्यावीत. नाहीतर जुन्या मैत्रिणीला बातमी वाचूनही कळत नाही की गेली ती आपलीच.

शिक्षण कोठे झाले हेही नेमके लिहावे, कारण त्या एका ओळीत बराच इतिहास असतो. पुण्यात रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने 1909 साली सुरू झालेल्या सेवासदनाने ससून रुग्णालयाच्या साहाय्याने विधवा आणि परित्यक्ता स्त्रियांना परिचर्येच्या शिक्षणाकडे वळवले. तिकडे मिरजेच्या मिशन रुग्णालयाने दक्षिण महाराष्ट्रातील आणि कर्नाटकाच्या सीमाभागातील मुलींना या व्यवसायाची वाट दाखवली. परक्या माणसांच्या अंगाला हात लावावा लागतो आणि रात्रपाळी करावी लागते, म्हणून बऱ्याच घरांतून या शिक्षणाला विरोध होत असे, आणि 'नर्सशी लग्न कोण करणार' हा प्रश्न उघडपणे विचारला जाई. बाईंच्या घरी हा वाद झाला असेल तर तो लेखात यावा. नातेवाईक तो भाग गाळायला सांगतात. तेव्हा नम्रपणे आग्रह धरावा, कारण त्या निर्णयापासूनच त्यांचे सार्वजनिक आयुष्य सुरू झालेले असते.

साल पडताळण्याची रीत

आपली माणसे साल सांगत नाहीत, प्रसंग सांगतात. 'दुष्काळात लागली नोकरीला', 'भूकंपाच्या वर्षी बदली झाली', 'पुराच्या रात्री वॉर्डातच होती' अशी वाक्ये ऐकायला मिळतात आणि ती फार उपयोगी असतात, फक्त त्यांना तारीख जोडावी लागते. पानशेतचा पूर 12 जुलै 1961 चा, कोयनेचा भूकंप 11 डिसेंबर 1967 चा, मोठा दुष्काळ 1972 चा, किल्लारीचा भूकंप 30 सप्टेंबर 1993 चा आणि मुंबईतील महापूर 26 जुलै 2005 चा. या खुणांच्या आधाराने बाईंच्या सेवाकाळाची एक साधी पट्टी कागदावर आखून घ्यावी आणि प्रत्येक आठवण तिच्यावर ठेवून पाहावी.

व्यवसायातील खुणाही अशाच वापरता येतात. सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम 1985 साली सुरू झाला आणि देशभरातील पल्स पोलिओ मोहीम 1995 च्या डिसेंबरात. त्यामुळे 'त्यांनी 1988 साली पल्स पोलिओचे बूथ चालवले' असे कोणी सांगितले, तर तो नेहमीच्या लसीकरणाचा दिवस असावा असे समजून पुन्हा विचारावे. देशातील वन्य पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण 13 जानेवारी 2011 रोजी हावडा जिल्ह्यात आढळला आणि 27 मार्च 2014 रोजी भारतासह दक्षिण-पूर्व आशिया विभाग पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणित झाले. वॉर्डात पोलिओने लुळी पडलेली मुले पाहिलेली परिचारिका निवृत्तीच्या सुमारास किंवा त्यानंतर ही बातमी ऐकते, ही गोष्ट कोणत्याही विशेषणापेक्षा जास्त बोलते.

मोठ्या आकड्यांच्या बाबतीत मात्र हात आखडता घ्यावा. भारतातील अर्भक मृत्युदर 1971 साली हजार जिवंत जन्मांमागे 129 होता आणि 2020 साली तो 28 वर आला. महाराष्ट्रात तो त्या वर्षी 16 होता. बाईंचा सेवाकाळ या दोन सालांच्या दरम्यानचा असेल तर हे आकडे पार्श्वभूमी म्हणून जरूर द्यावेत, पण ते त्यांच्या एकटीच्या खात्यावर जमा करू नयेत. 'त्यांनी हजारो बालकांचे प्राण वाचवले' हे वाक्य कोणालाच तपासता येत नाही आणि बहुधा खुद्द बाईंनाही ते आवडले नसते.

काम डोळ्यांसमोर उभे करणे

लेखातील सर्वांत मोठा भाग हा असावा, आणि सर्वांत जास्त कष्टही येथेच पडतात, कारण घरच्यांनी बाईंना काम करताना कधी पाहिलेलेच नसते. त्यांना डबा, गणवेश, रात्रपाळीनंतरची झोप आणि सणाच्या दिवशीची ड्युटी एवढेच माहीत असते. म्हणून वॉर्डात जाऊन, किंवा निवृत्त सहकाऱ्यांना गाठून, कामाची एकेक कृती विचारावी.

शीर सापडणे ही त्यांपैकी पहिली. जुलाबाने सुकलेल्या सहा महिन्यांच्या मुलाच्या हातापायाला शीर दिसत नाही, ती बोटाने चाचपावी लागते. कधी ती टाळूवर शोधावी लागते. चोवीस नंबरची पिवळी सुई, रडणारे मूल, दाराशी उभी असलेली आई आणि दोनदा प्रयत्न करून थांबलेला निवासी डॉक्टर अशा वेळी ज्यांना हाक मारली जाई त्या बाई कोण, हे त्या वॉर्डातील प्रत्येकाला ठाऊक असते. तेवढे एक वाक्य मिळवले तरी लेखाला कणा येतो.

दुसरी गोष्ट हिशेबाची. मोठ्या माणसाच्या सलाईनमध्ये थोडे कमी-जास्त झालेले शरीर सोसते, बाळाचे शरीर सोसत नाही. म्हणून मुलांच्या वॉर्डात ब्युरेट सेट, म्हणजे सलाईन मोजून थेंबाथेंबाने सोडणारी नळी, वापरतात, जिचे 60 थेंब म्हणजे 1 मिलिलिटर होतात. त्यामुळे तासाला जितके मिलिलिटर द्यायचे तितकेच थेंब मिनिटाला पडू द्यायचे, हे समीकरण सिस्टरांच्या तोंडी बसलेले असते. औषधाची मात्रा वजनावर ठरते, आणि वजन रोज करावे लागते. श्वास मोजायचा तो पूर्ण एक मिनिट, मूल शांत असताना: दोन महिन्यांखालील बाळाला 60, एक वर्षाखालील मुलाला 50 आणि पाच वर्षांखालील मुलाला 40 किंवा त्याहून जास्त श्वास पडत असतील तर धोका समजायचा. घड्याळाकडे एक डोळा आणि बाळाच्या पोटाकडे एक डोळा ठेवून उभ्या असलेल्या बाईंचे वर्णन असे आकड्यांसकट केले, तर त्यांची काळजी कशी दिसत होती हे वेगळे सांगावे लागत नाही.

तिसरी गोष्ट काळाबरोबर बदललेल्या कामाची. काचेच्या सिरिंज उकळणे, गॉजच्या घड्या करणे आणि कापसाचे बोळे वळणे यांत जुन्या पिढीच्या पाळीचा मोठा वेळ जाई. जुलाबावर सलाईन हाच उपाय मानला जात असताना 1971 साली पश्चिम बंगालमधील बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी कॉलऱ्याच्या रुग्णांना मीठ-साखरेचे पाणी तोंडावाटे देऊन मृत्यूंचे प्रमाण खाली आणले, आणि पुढे ते ज्ञान ओ.आर.एस.च्या पुडीतून वॉर्डावॉर्डांत पोहोचले. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ हे प्रमाण निरक्षर आईच्या डोक्यात पक्के बसवण्याचे काम डॉक्टरांच्या राउंडमध्ये होत नव्हते. ते दुपारी, खाटेच्या कडेला बसून, सिस्टर करीत असत. ऊब देणाऱ्या काचेच्या पेटीतील बाळ, काविळीसाठी निळ्या दिव्याखाली डोळे झाकून ठेवलेले बाळ, आईच्या छातीशी बांधून ऊब दिलेले कमी वजनाचे बाळ, वाटी-चमच्याने पाजलेले दूध, यांपैकी बाईंच्या काळात काय नवे आले आणि ते शिकायला त्या कोठे गेल्या, हे विचारावे. नवीन गोष्ट शिकण्यासाठी पन्नाशीत वही घेऊन बसलेल्या परिचारिकेविषयी तरुण सहकारी फार आदराने बोलतात.

एकच ठाम कृती माणसाला किती काळ जिवंत ठेवते याचा दाखला आपल्याकडे आहे. 1897 च्या प्लेगात सावित्रीबाई फुले यांनी मुंढव्याच्या आजारी मुलाला पाठीवर घेऊन आपले दत्तक पुत्र डॉ. यशवंतराव यांच्या दवाखान्यात पोहोचवले आणि त्याच साथीत 10 मार्च 1897 रोजी सावित्रीबाईंचा अंत झाला. त्यांच्या करुणेवर लिहिलेली पाने विसरली जातात, पण पाठीवरचे ते मूल विसरले जात नाही. आपल्या लेखातील बाईंची तशी एखादी कृती सापडली तर तिला एक पूर्ण परिच्छेद द्यावा. सापडली नाही तर रचू नये, कारण रोजचे काम नीट सांगितले तर तेही पुरेसे असते.

मुलाखती कोणाच्या घ्याव्यात याबद्दल एकच आग्रह आहे: मावशी, आयाबाई आणि वॉर्डबॉय यांना वगळू नये. डॉक्टर गौरवपर बोलतात आणि ते बहुतेक सर्वसाधारण असते. सिस्टर रागावल्या की काय म्हणत, पाळी संपताना चार्ज देताना कोणती गोष्ट तीनदा बजावत, कोणत्या खाटेपाशी जास्त रेंगाळत, मूल दगावल्यावर आईला कोठे नेऊन बसवत, हे मावशींना माहीत असते. त्यांच्याशी बोलताना कागद-पेन समोर धरून प्रश्नावली वाचू नये. चहाच्या वेळी बसावे आणि 'सिस्टरांची ड्युटी लागली की वॉर्डात काय वेगळे असायचे?' एवढेच विचारावे. शिस्तीचा कडकपणा निघाला तर तोही लेखात ठेवावा. हात न धुता पेटीत हात घालणाऱ्यावर ओरडलेली सिस्टर मनमिळाऊ नसेल, पण बाळाच्या बाजूने होती.

पुढारपण कसे लिहावे

सार्वजनिक कामाचा भाग लिहिताना पदांची यादी देण्याचा मोह होतो: अध्यक्षा, सचिव, सल्लागार, मार्गदर्शक. यादीऐवजी एखादे भांडण निवडावे. वसाहतीत पाण्याची वेळ पहाटे तीनची होती ती कोणी बदलून घेतली, अंगणवाडीला जागा कोणाकडून मिळवली, दारूचे दुकान बंद करण्यासाठी उभी बाटली-आडवी बाटलीचे मतदान गावात झाले तेव्हा बायकांना मतदान केंद्रापर्यंत कोणी आणले, रात्रपाळीच्या परिचारिकांना घरी जाण्यासाठी गाडी असावी म्हणून संघटनेच्या वतीने कोण बोलले, या प्रश्नांच्या उत्तरांत पुढारपण दिसते. भांडण कोणाविरुद्ध होते हे सांगताना आज हयात असलेल्या विरोधकांची नावे घेण्याचे कारण नाही. मागणी काय होती, किती वेळ लागला आणि शेवटी किती पदरात पडले, एवढे पुरते. हरलेली मागणीही लिहावी.

रुग्णालय आणि वस्ती यांना जोडणारा धागा मात्र अवश्य शोधावा, कारण बहुतेक परिचारिकांचे पुढारपण तेथूनच सुरू होते. एकाच गल्लीतील मुले पुन्हा पुन्हा जुलाबाने दाखल होतात हे वॉर्डाच्या नोंदवहीत ज्यांना दिसते, त्याच पुढे पाण्याच्या नळासाठी महापालिकेत खेटे घालतात. कुपोषित मुलाच्या दंडाला मोजपट्टी लावल्यावर ती 11.5 सेंटिमीटरच्या खाली, म्हणजे लाल भागात, आली की घरात काय शिजते याची चौकशी करावी लागते आणि तेथून बचत गट, शिधापत्रिका, नवऱ्याची मजुरी असे सगळे प्रश्न उलगडत जातात. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 पासून गावातील बायकांना आरोग्याचे काम शिकवले, तेव्हा त्याच बायका पुढे गावच्या इतर प्रश्नांवरही बोलू लागल्या. हीच वाट शहरातील वॉर्डातूनही निघते.

काय लिहू नये

बाईंनी सांभाळलेल्या मुलांची नावे, छायाचित्रे आणि आजार परवानगीशिवाय लिहू नयेत, ती मुले आज मोठी होऊन स्वतः आई-बाप झाली असली तरीही. जो स्वतःहून पुढे येऊन 'मला त्यांनी वाचवले' असे सांगतो, त्यालाही छापण्यापूर्वी मजकूर वाचून दाखवावा. अत्याचारग्रस्त बालकाची ओळख उघड करण्यास 2012 च्या पोक्सो कायद्याने मनाई आहे आणि एच.आय.व्ही. बाधित व्यक्तीची माहिती 2017 च्या कायद्याने संरक्षित आहे. अशी प्रकरणे बाईंच्या आयुष्यातील सर्वांत मोठी असली तरी गाव, साल आणि वय बदलून सांगण्यापेक्षा ती सोडून दिलेली बरी, कारण लहान गावात तेवढ्यावरूनही माणूस ओळखला जातो. घरी सापडलेल्या वहीत रुग्णांच्या नोंदी असतील तर ती वही स्मरणिकेतील चित्रासाठी वापरू नये.

बाईंच्या शेवटच्या आजाराचे वर्णन दोन ओळींपेक्षा मोठे होऊ देऊ नये. ज्यांनी जन्मभर इतरांच्या आजाराविषयी मौन पाळले, त्यांच्या आजाराचा तपशील चव्हाट्यावर मांडणे शोभत नाही.

सभा आणि त्यानंतर

श्रद्धांजली सभेची वेळ दशक्रिया, जलदान विधी किंवा प्रार्थनासभा यांच्या सोयीने ठरते, तशीच ती पाळ्यांच्या सोयीनेही ठरावी. दुपारी चारच्या सुमारास सभा ठेवली तर सकाळपाळी संपवून परिचारिका येऊ शकतात. सकाळी अकराला ठेवली तर ज्यांनी यायला हवे त्याच ड्युटीवर असतात. व्यासपीठावर नगरसेवक आणि डॉक्टर यांच्या रांगेत वॉर्डातील एका मावशींची खुर्ची असावी आणि त्यांना पहिल्या तीन वक्त्यांत बोलू द्यावे, कारण शेवटी वेळ संपतो आणि मग त्यांच्याकडून फक्त फोटोला हार घालून घेतला जातो. सभेत वाचायचा लेख आठ-दहा मिनिटांचा, म्हणजे साधारण हजार शब्दांचा असावा. उरलेला मजकूर स्मरणिकेसाठी ठेवावा.

छापण्यापूर्वी मजकूर दोघांना दाखवावा: घरातील एकाला, नावे आणि नाती तपासण्यासाठी, आणि वॉर्डातील एका जुन्या सिस्टरांना, कामाचे तपशील तपासण्यासाठी. घरच्यांनी कौतुकाची भर घातली तर तिला कात्री लावण्याचा अधिकार लिहिणाऱ्याने आधीच मागून घ्यावा.

स्मृतिप्रीत्यर्थ काय करावे हा प्रश्न सभेतच निघतो आणि भारावलेल्या मनःस्थितीत पुतळा, कमान, चौकाचे नाव अशा सूचना येतात. त्याऐवजी परिचर्या शिकणाऱ्या एका मुलीचे वसतिगृहाचे शुल्क दरवर्षी भरण्याचा विचार व्हावा. रक्कम बँकेत ठेव म्हणून ठेवून फक्त व्याज वापरले तर वर्गणी पुन्हा गोळा करावी लागत नाही. मुलीची निवड कोण करणार, ती मध्येच शिक्षण सोडून गेली तर काय करायचे आणि विश्वस्तांपैकी कोणी हयात राहिले नाही तर पुढे कोण बघणार, हे तीन मुद्दे पहिल्याच बैठकीत कागदावर घ्यावेत. स्मृतिलेखाची एक प्रत बाई जेथे शिकल्या त्या परिचर्या विद्यालयाच्या ग्रंथालयात द्यावी, आणि प्रशस्तिपत्रे, गटाची छायाचित्रे, संघटनेची निवेदने यांच्या झेरॉक्स प्रती तिच्यासोबत जोडाव्यात. मूळ कागद घरीच राहू द्यावेत. छायाचित्रांच्या मागे पेन्सिलीने सर्वांची नावे लिहून घ्यावीत, आणि हे काम त्यांच्या तुकडीतील मैत्रिणी भेटायला येतील त्याच दिवशी उरकावे.